गोदाबाईंच्या जाड्या आवाजाचा तपास

"देवराम भिकन महाजन, रहस्यभेदक. बुऱ्हाणपूर जिल्ह्यात एकमेव. ज्यांची नजर भिंतीपलीकडे पोचते, ज्यांच्या कानांना मुंगीची पावलं ऐकू येतात आणि ज्यांच्या नुसत्या अस्तित्वाने गुन्हेगाराला दरदरून घाम फुटतो, असं तल्लख, निर्भय आणि अत्यंत निगर्वी व्यक्तिमत्त्व."

हा मजकूर देवरामने स्वतः सांगितला आणि निंबाने कॉम्प्युटरवर टाइप केला. 'निगर्वी'च्या आधीचा 'अत्यंत' घालून घ्यायला देवराम दुसऱ्या दिवशी सकाळी खास आला होता. पाचशे पत्रकं छापली. त्यातली दोनशे वाटली आणि उरलेल्या तीनशेंवर शनवारा दरवाजाजवळचा गाडीवाला अजून भजी देतो. देवरामची कीर्ती तेलकट बोटांनी का होईना, गावभर पोचली एवढं मान्य करायला हवं.

देवराम नात्याने निंबाचा दाजी, म्हणजे मालतीताईचा नवरा. थोरल्या बहिणीचा नवरा असल्यामुळे त्याला खुर्ची द्यावी लागते, चहा द्यावा लागतो आणि तो बोलत असताना जांभई तोंडातल्या तोंडात जिरवावी लागते. नगरपालिकेत नळांचे मीटर वाचण्यात त्याची बावीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर एवढी तयार झालेली नजर फुकट जाऊ नये म्हणून त्याने रहस्यभेदाचं काम अंगावर घेतलं. आजवर त्याच्याकडे तीन प्रकरणं आली. पहिल्यात हरवलेली बकरी तपास चालू असताना आपली आपण घरी आली. दुसऱ्यातला चोरीला गेलेला चष्मा खुद्द देवरामच्या खिशात निघाला. तिसरं प्रकरण अजून चालू आहे, पण ज्याने ते सोपवलं तो माणूस देवरामला टाळण्यासाठी इच्छापूरला राहायला गेला, असं लोक म्हणतात.

देवरामचं कार्यालय म्हणजे निंबाच्या दुकानातली पंख्याखालची खुर्ची. निंबा लग्नाच्या व्हिडिओला गाणी जोडायचा, शाळांच्या कार्यक्रमांची गाणी एकामागोमाग एक लावून द्यायचा आणि काम नसेल तेव्हा झेरॉक्स काढायचा. देवराम त्याला लोकांसमोर 'माझा सहायक' म्हणायचा. निंबाने एकदा हिशेब लावून पाहिला होता की दुकान त्याचं, पंखा त्याचा, चहा त्याचा आणि तरी सहायक तोच. यात कुठेतरी चूक होती, पण दाजीला ती दाखवणार कोण?

कोजागिरीला दोन दिवस राहिले असताना हे प्रकरण उभं राहिलं.

भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली गुलाबाईची मातीची मूर्ती बसवतात, तिच्यासमोर गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यात झाकून आणलेला खाऊ ओळखतात. आताच्या मुलींना खाऊ ओळखता येतो, गाणी येत नाहीत. मुलींच्या शाळेतल्या उषाबाईंनी मनावर घेतलं की सगळी गाणी गोळा करायची. सगळी गाणी पाठ असलेली बाई पंचक्रोशीत एकच, जसोंडीच्या गोदाबाई. पण नेमकी तेव्हाच गोदाबाईंच्या घशात गाठ निघाली. इंदूरला ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गाठ जाईल, आवाज राहील की नाही ते आत्ता सांगता येणार नाही.

म्हणून ऑपरेशनच्या दोन दिवस आधी निंबा नवा कोरा रेकॉर्डर घेऊन जसोंडीला गेला. गोदाबाईंनी केळीच्या घडांच्या शेजारी ओसरीवर बसून एका बैठकीत अकरा गाणी म्हटली. आवाज बारीक, धारदार, असा की शेजारच्या मळ्यातला माणूस काम सोडून उभा राहिला. मग दुकानात बँडमास्तर मोतीलालने पेटी वाजवली, शाळेच्या मुलींनी प्रत्येक ओळ मागून म्हटली, हे सगळं थेट कॉम्प्युटरवर भरलं, आणि आता दोन्ही जोडून सलग अर्ध्या तासाची गाणी करायची होती. कोजागिरीला संध्याकाळी शाळेच्या पटांगणात गोदाबाईंच्या या आवाजावर मुली फेर धरणार होत्या.

निंबाने गाणी जोडली, बटण दाबलं, आणि स्पीकरमधून एक जाडजूड पुरुष गाऊ लागला.

पुरुष म्हणजे अगदी पुरुष नव्हे. पण पंगतीत चार लाडू जास्त झालेला कुणी काका दुपारच्या झोपेतून अर्धवट उठून गात असावा, तसा जड आणि रेंगाळणारा आवाज. त्याची ओळ संपली की मुली चिमण्यांसारख्या तीच ओळ भरभर म्हणून मोकळ्या व्हायच्या आणि पुन्हा काकांची वाट बघत थांबायच्या. अकराच्या अकरा गाण्यांत हेच.

"आयला," निंबा म्हणाला.

खुर्चीत देवराम जागा झाला. डोळे मिटूनच त्याने बोट वर केलं. "निंबा, या आवाजात पुरुष आहे."

"दाजी, ते मलाही ऐकू येतंय."

"तुला ऐकू येतंय. मला कळतंय. यातला फरक तुझ्या लक्षात यायला वेळ लागेल." त्याने खिशातून भिंग काढलं. हे भिंग त्याने इच्छादेवीच्या जत्रेत घेतलं होतं. ते स्पीकरच्या जाळीला लावून त्याने बराच वेळ आत पाहिलं. आत जाळीच होती.

निंबाने सगळं पुन्हा पहिल्यापासून करून पाहिलं. त्याची पद्धत ठरलेली होती. दुकान उघडलं त्या दिवशी गुरुजींनी कॉम्प्युटरच्या पडद्याला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि मुहूर्तावर निंबाने पहिली फाइल उघडून तिचं नाव 'श्री' ठेवलं. पहिल्याच आठवड्यात तीन लग्नांची कामं आली. तेव्हापासून निंबा कोरी फाइल उघडत नाही. काम कुठलंही असो, 'श्री' उघडायची, जुनी गाणी पुसायची, नवी आत आणायची. मुहूर्ताची फाइल आहे, तिच्यात सेटिंग म्हणून काही बदलायचं नाही, अशी त्याने मनोमन शपथ घेतली होती. त्यामुळे गाणं आत आणताना पडद्यावर एक चौकट येऊन इंग्रजीत काहीतरी विचारू लागली, तेव्हा निंबाने त्यातला 'बदल' अर्थाचा एक शब्द तेवढा ओळखला आणि 'नाही' दाबलं. अकरा गाणी, अकरा चौकटी, अकरा वेळा नाही. आता दुसऱ्या फेरीतही त्याने तेच केलं, आणि काकाही तेच गायले.

"विजेचा दाब," देवराम म्हणाला. "साधी गोष्ट आहे. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणं रेंगाळायचं, आठवतं? कॉम्प्युटरचा सेल उतरलाय."

"कॉम्प्युटर सेलवर चालत नाही, दाजी."

"आत एक असतो. घड्याळाच्या सेलसारखा. गुन्हेगार नेहमी आत असतो, निंबा."

आत खरंच तसा एक सेल असतो, हे दुर्दैव. देवरामने स्वतः जाऊन नवा आणला, निंबाला डबा उघडायला लावला आणि जुना सेल पुरावा म्हणून रुमालात बांधला. त्यानंतर कॉम्प्युटर सुरू झाला तो दहा वर्षं जुनी तारीख दाखवत. गोदाबाई मात्र होत्या तशाच राहिल्या. तारीख दुरुस्त करण्यात निंबाचा तास गेला. त्या तासभर देवराम शेजारच्या टेलरला आपण अर्धं रहस्य कसं सोडवलं ते सांगत होता.

दुसऱ्या दिवशी दुसरा सिद्धान्त आला. "हा घातपात आहे," देवराम म्हणाला. "फायदा कोणाचा? मोतीलालचा. बाईंचा आवाज बिघडला की शाळा म्हणणार, राहू द्या रेकॉर्ड, बँडच बोलवा. त्याने पेटी वाजवायच्या निमित्ताने दुकानात शिरून बाईंच्या जागी स्वतःचा आवाज भरला."

"मोतीलालला अकरा गाणी पाठ आहेत?"

"गुन्हेगार तयारीनिशी येतो."

देवराम मोतीलालच्या पाळतीवर गेला. पाळत म्हणजे काय, तर मोतीलाल ज्या हलवायाकडे उभा होता तिथे तोंडासमोर वर्तमानपत्र धरून देवराम उभा राहिला. वर्तमानपत्र उलटं होतं. मोतीलालने ते हातातून काढून सरळ करून परत दिलं आणि म्हणाला, "देवरामभैया, जलेबी खाओ. गरम आहे."

देवराम दोन तासांनी अर्धा किलो मावा जिलेबी घेऊन परतला. "चौकशी झाली," तो बोटं चाटत म्हणाला. "आरोपीने गुन्हा नाकारला. हा पुरावा."

"काय म्हणाला तो?"

"उगाच इकडचं तिकडचं. म्हणे, मी तर पेटी लावताना थेट रेकॉर्डर कानाला लावून सूर घेतला, तेव्हा बाईचा आवाज एकदम फर्स्ट क्लास होता. म्हणे, तेरे कंप्यूटर में ही कुछ लोचा है."

निंबाचा हात थबकला. "दाजी, म्हणजे रेकॉर्डरमध्ये आवाज बरोबर आहे. बिघडतोय तो कॉम्प्युटरमध्ये आल्यावर."

"आरोपीच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नसतो," देवराम म्हणाला आणि पुराव्याचा शेवटचा वेढा तोंडात टाकला.

निंबाने गुपचूप रेकॉर्डर कानाला लावला. आत गोदाबाई होत्या, लख्ख, जसोंडीच्या ओसरीवरच्या. त्याला हायसं वाटलं, पण मग कॉम्प्युटरला झालं होतं काय, हे त्याच्या बापालाही सांगता आलं नसतं. कार्यक्रम उद्यावर आलेला. शेवटी त्याने वेग वाढवायची पट्टी सरकवून बघायचं ठरवलं, आणि तिथे देवराम मार्गदर्शनाला येऊन बसला.

"पाच टक्के," देवराम म्हणाला. काका जरा सावरले. "पंधरा." काकांची चिमणी झाली. "आता दहा. नाही, बारा. नाही, दुसरी पट्टी सरकव." दुसऱ्या पट्टीने फक्त लय वाढत होती, आवाज जाडच राहत होता, त्यामुळे आता लाडू खाल्लेले काका गाडी सुटत असल्यासारखे घाईघाईने गाऊ लागले. देवरामने कान देऊन ऐकलं. "हे बरं वाटतंय," तो म्हणाला.

अंदाजाने सरकवलेली अकरा गाणी अकरा वेगांची झाली. एकही मुलींशी जुळेना. निंबाने सगळं पुसून टाकलं आणि रात्री तिसऱ्यांदा पहिल्यापासून गाणी जोडली. काका परत आले.

कोजागिरीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता गोदाबाई दुकानात आल्या.

सोबत सून मालूबाई. गोदाबाई काटक, ताठ कण्याची बाई, नऊवारीचा पदर गळ्याभोवती घट्ट लपेटलेला आणि काखेत लहान मुलांची असते तशी पाटी. ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते. त्या बाकावर बसल्या आणि स्पीकरकडे बोट दाखवून निंबाकडे पाहू लागल्या.

"भाऊ, ऐकवा एकदा," मालूबाई म्हणाली. मग बोलावं की नको असं करत हळूच पुढे म्हणाली, "डॉक्टरनं चार दिवसांपूर्वीच सांगितलं, आता थोडं थोडं बोला म्हणून. पण आत्याबाई बोलतच नाहीत. घाबरून राह्यल्या, का बाहेर काय निघीन. पाटीवर लिहून दिलं मला."

तिने सासूच्या काखेतली पाटी घेऊन दाखवली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेल्या मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आधी जुना आवाज ऐकीन. मग बोलीन.

आता निंबा काय ऐकवणार होता? "मावशी, ते अजून जरा... संध्याकाळपर्यंत होतं तयार," तो म्हणाला. त्याने टेबलावरच्या रेकॉर्डरकडे हात नेला. यावर तरी ऐकवावं, एवढं त्याच्या मनात आलं होतं.

पण देवरामने तोवर बटण दाबलं होतं. प्रेक्षक समोर असताना गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

काका गाऊ लागले. जड, रेंगाळत, दोन मिनिटं चाळीस सेकंद. गोदाबाई पहिल्या ओळीला पुढे झुकल्या. दुसऱ्या ओळीला त्यांचा हात गळ्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"असं कसं, भाऊ?" मालूबाई कळवळून म्हणाली. "हा आमच्या आत्याबाईचा आवाज नाही. त्या बांधावरून हाक मारायच्या तर पल्याडच्या मळ्यातले बैल थांबत!"

"बाई," देवराम उभा राहिला, "मी या प्रकरणाचा दोन दिवस तपास केला आहे. वीज निर्दोष. बँडमास्तर तूर्त निर्दोष. उरतो एकच निष्कर्ष. गाठ त्या दिवशीही घशात होतीच. म्हणजे हा तुमचाच आवाज आहे. आपला आवाज आपल्याला वेगळा वाटतो, हे शास्त्र आहे. मन घट्ट करा."

गोदाबाईंनी पाटी बाकावर पालथी ठेवली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते, आवाज मात्र येत नव्हता. निंबाला असा संताप आला की दाजीला खुर्चीसकट उचलून शनवाऱ्याच्या दरवाजाबाहेर नेऊन ठेवावं. पण संतापाइतकीच त्याला लाजही वाटत होती, कारण फाइल त्याची होती. त्याने रेकॉर्डर पुढे केला, तर गोदाबाईंनी मान न वळवताच तो हाताने दूर सारला.

त्याच वेळी मालतीताई दोघांचा डबा घेऊन आली. मालतीताईला एक खोड होती. डोळ्यांसमोर अक्षर आलं की ती वाचायची. वाणसामान बांधून आलेला कागद, औषधाच्या पट्टीची मागची बाजू, एसटीच्या खिडकीवरच्या सूचना, काहीही. लग्नानंतर बाहेरून बी.ए. केलं तेव्हा इंग्रजीचं अक्षरही तिने सोडलं नव्हतं. देवराम या खोडीला 'बायकी चाळा' म्हणायचा.

"काय झालं रे? या का रडतायत?" तिने विचारलं.

निंबाने घडलं ते सांगितलं आणि रेकॉर्डर तिच्या कानाला लावला. तिने ऐकलं, मग गोदाबाईंच्या पाठीकडे पाहिलं. "मग यात काय लपाछपी आहे? इथे नीट आहे, तिथे बिघडतंय. मधे तू काय करतोस ते माझ्यासमोर कर."

"मालती, तपासात ढवळाढवळ नको," देवराम म्हणाला.

"तुम्ही जेवून घ्या. वांग्याची भाजी आहे."

देवरामने डबा उघडला. निंबाने 'श्री' उघडली, पहिलं गाणं आत ओढलं. चौकट आली. त्याचं बोट सवयीने 'नाही'कडे गेलं आणि मालतीताईने त्याचं मनगट धरलं.

"थांब. वाचू दे."

"ते काही नाही गं ताई, ते परवापासून प्रत्येक गाण्याला विचारतं."

"काय विचारतं?"

"काय माहीत."

"किती वेळा विचारलं?"

"एका फेरीत अकरा. मी... तीन फेऱ्या केल्या."

"तेहतीस वेळा विचारलं आणि तू तेहतीस वेळा न वाचता नाही म्हणालास?"

"अगं मुहूर्ताची फाइल आहे. गुरुजींनी कुंकू लावलेली. ते म्हणतं बदलू का, मी म्हणतो नको. बदललं आणि कामं यायची थांबली तर?"

मालतीताईने पडद्यावरच्या वाळक्या कुंकवाकडे पाहिलं. मग चौकटीवर बोट ठेवून ती सावकाश, पोरांना धडा समजावतात तसं, मराठीत सांगू लागली. "या फाइलचं माप चव्वेचाळीस हजार शंभर. तुम्ही आणलेल्या गाण्याचं माप अठ्ठेचाळीस हजार. गाणं फाइलच्या मापात बसवून घेऊ का? नाही म्हणालात तर गाण्याचा वेग आणि सूर बदलेल." ती थांबली. "अरे, हे तर सीधं लिहिलंय! फाइल बदलू का असं ते विचारतच नाही. गाणं बदलून घेऊ का म्हणून विचारतंय बिचारं."

निंबा पडद्याकडे बघत राहिला. आजवरची कामं लोकांनी आणलेल्या सीडींवरची, ती सगळी चव्वेचाळीस हजार शंभरची. चौकट कधी आलीच नव्हती. नवा रेकॉर्डर अठ्ठेचाळीस हजारांचा, हे त्याच्या खोक्यावरही छापलेलं होतं. खोक्यात तो आता स्टेपलरच्या पिना ठेवत होता.

"म्हणजे रेकॉर्डर एका सेकंदात आवाजाचे अठ्ठेचाळीस हजार तुकडे करतो," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "आणि माझी फाइल सेकंदाला चव्वेचाळीसच हजार वाजवते. उरलेले मागे साचतात."

"एक बाई अठ्ठेचाळीस पोळ्या लाटतेय आणि तव्यावरची चव्वेचाळीसच भाजतेय," मालतीताई म्हणाली. "मग पंगत उशिरा उठणारच. हो म्हण आता."

निंबाने आयुष्यात पहिल्यांदा त्या चौकटीला 'हो' म्हटलं. अकरा वेळा म्हटलं. पडद्यावरचं कुंकू पडलं नाही, पंखाही बंद झाला नाही. त्याने बटण दाबलं.

जसोंडीच्या ओसरीवरून गोदाबाई गाऊ लागल्या. बारीक, धारदार, खणखणीत. मघाशी दोन मिनिटं चाळीस सेकंद रेंगाळलेलं गाणं दोन मिनिटं सत्तावीस सेकंदांत संपलं, आणि मुलींनी ओळ अशी उचलली की मधे सुई शिरायला जागा नव्हती. बाहेर शेजारचा टेलर मशीन थांबवून दारात आला. मालूबाईने दोन्ही हात तोंडावर धरले.

गोदाबाई हळूहळू भिंतीकडून वळल्या. दुसऱ्या गाण्याला त्यांची बोटं पालथ्या पाटीवर ताल धरू लागली. तिसरं संपलं तेव्हा निंबाने गाणं थांबवलं आणि त्यांच्याकडे बघायचं धाडस केलं. त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, पण भीती अजून गेली नव्हती. त्यांनी पुन्हा ओठ मिटले, पाटी उचलून मांडीवर घेतली आणि पेन्सिल शोधू लागल्या. मालूबाईचा चेहरा पडला.

एवढ्यात देवरामने डब्याचं झाकण लावलं आणि तो दुकानाच्या मधोमध येऊन उभा राहिला.

"तर मंडळी," तो म्हणाला, "प्रकरण सुटलं. चौकटीकडे माझं लक्ष पहिल्या दिवसापासून होतं. परंतु रहस्यभेदक घाई करत नाही. सहायक आणि पत्नी यांना स्वतःहून सत्यापर्यंत पोचू द्यावं, हा माझा हेतू. आता राहिला बाईंचा प्रश्न. हा आवाज तुमचाच आहे, मन घट्ट करा, असं मी जे म्हणालो ते खरं नव्हतं हे मला ठाऊक होतं. मी ते मुद्दाम म्हणालो. साक्षीदाराला धक्का द्यायचा आणि त्याचा चेहरा वाचायचा. ही तपासाची एक उच्च पद्धत—"

"मुद्दाम?"

कोण बोललं ते क्षणभर कुणालाच कळलं नाही. देवरामने मागे वळून पाहिलं.

"मुद्दाम रडवलं तू मले?" गोदाबाई उभ्या राहिल्या होत्या. आवाज खरखरीत होता, बरेच दिवस बंद राहिलेलं दार ओढावं तसा, पण त्या खरखरीच्या खाली तोच होता, बारीक आणि धारदार. "अरे मुडद्या! चार दिवसांपासून तोंड मिटून बसली मी! रात्ररात्र झोप नाही मले, का बाहेर काय निघीन, बाई निघीन का बेंडकी निघीन! अन् तू म्हणतो मन घट्ट करा? अन् वरून म्हणतो मुद्दाम?"

"बाई, त्यामागे शास्त्र—"

"शास्त्र गेलं चुलीत! तुह्या बायकोनं एकदा वाचलं अन् झालं! तू दोन दिवस काय करत होता रे? पोराच्या दुकानात पंखा खात बसतो, चहा ढोसतो, अन् आजारी बाईच्या गळ्यावर हात घालतो! लाज कशी वाटत नाही तुले? एवढा मोठा झाला, मायनं शिकवलं नाही का काही?"

शब्दागणिक खरखर कमी होत होती. टेलरच्या मागे आणखी दोघे येऊन उभे राहिले. देवराम एक पाऊल मागे सरला, खुर्चीला अडखळला आणि तीत बसला. गोदाबाईंनी त्याला बसू दिलं नाही. "ऊठ! आधी ऊठ त्या खुर्चीवरून!" देवराम उठला.

डॉक्टरांनी थोडं थोडं बोला म्हटलं होतं, हे निंबाला आठवलं. त्याने थांबवावं म्हणून हात पुढे केला, तेव्हा मालतीताईने नुसती मान हलवली. नवऱ्याची अशी उलटतपासणी ऐकताना तिचा चेहरा फार दिवसांत इतका शांत दिसला नव्हता.

गोदाबाई श्वास घ्यायला थांबल्या. आपणच एवढं बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी चमकून गळ्याला हात लावला आणि सुनेकडे पाहिलं. मालूबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"बोला ना आत्याबाई," ती म्हणाली, "अजून बोला."